औषधजन्य मूत्राशय-रक्तस्राव आणि प्राणवायूचिकित्सा : एका उसन्या युक्तिवादाची परीक्षा

सायक्लोफॉस्फामाइड हे औषध नायट्रोजन मस्टर्डच्या कुळातील. जर्मनीत नॉर्बर्ट ब्रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० नंतरच्या दशकात ते सिद्ध केले आणि १९५८ च्या सुमारास ते वैद्यकजगतापुढे आले. लिंफोमा, रक्ताचा कर्करोग, ल्युपसमुळे होणारा मूत्रपिंडाचा विकार, रक्तवाहिन्यांचे दाह अशा कितीतरी व्याधींत त्याने आपले स्थान टिकवून ठेवले आहे. मात्र त्याच्या उपयोगाइतकाच त्याचा एक उपद्रवही जुना आहे. तो म्हणजे मूत्राशयातील रक्तस्राव. हा रक्तस्राव इतर उपायांनी आटोक्यात येईनासा झाला म्हणजे रुग्णास उच्चदाब कक्षात बसवून शुद्ध प्राणवायू द्यावा, असे प्रतिपादन १९९० नंतरच्या वैद्यकीय नियतकालिकांतून वारंवार आढळते. या प्रतिपादनाचा पाया कितपत भक्कम आहे, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय होय.

प्रथम कारणमीमांसा. यकृतात या औषधाचे विघटन होऊन एकीकडे कर्करोगावर मारा करणारे द्रव्य निर्माण होते, तर दुसरीकडे अ‍ॅक्रोलीन नावाचे दाहक द्रव्य. अ‍ॅक्रोलीन मूत्रावाटे बाहेर पडते आणि मूत्र साठून राहण्याची जागा मूत्राशय असल्याने त्याच्या अस्तराला सर्वाधिक काळ त्याचा स्पर्श घडतो. अस्तर सुजते, सोलवटते, त्यावर व्रण पडतात आणि उघड्या पडलेल्या सूक्ष्म वाहिन्यांतून रक्त झरू लागते. १९७९ साली कॉक्स यांच्या संशोधनाने अ‍ॅक्रोलीनचे हे कर्तृत्व स्पष्ट केले; त्यानंतर मेस्ना हे औषध प्रतिबंधासाठी रूढ झाले. मेस्ना मूत्रात अ‍ॅक्रोलीनशी संयोग पावून त्याला निरुपद्रवी करते. पण एकदा व्रण पडल्यावर ते भरून काढण्याचे सामर्थ्य त्यात नाही. या दुखापतीचे स्वरूप, थोडक्यात, रासायनिक भाजण्याचे आहे, ही गोष्ट पुढील चर्चेत विसरून चालणार नाही.

आता प्राणवायूची बाजू. दोन ते अडीच वातावरणांच्या दाबाखाली शुद्ध प्राणवायू श्वसनात घेतला असता तो रक्तद्रवात नेहमीच्या अनेक पट प्रमाणात विरघळतो. बोएरेमा यांनी ॲम्स्टरडॅम येथे १९६० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, रक्तातील तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकलेली डुकरे तीन वातावरणांच्या दाबाखाली केवळ अशा विरघळलेल्या प्राणवायूवर जगली, हे प्रसिद्धच आहे. किरणोपचारानंतर वर्षानुवर्षांनी मूत्राशयाची जी हानी दिसून येते, तिच्यात या तत्त्वाला पूर्ण वाव आहे. तेथे सूक्ष्म धमन्या आकसून बंद होत जातात, ऊती प्राणवायूवाचून उपाशी राहतात, आणि दाबाखालील प्राणवायू नव्या केशवाहिन्यांच्या वाढीस चालना देतो. १९८५ साली वाइस व सहकाऱ्यांनी हा उपचार अशा रुग्णांत वापरला. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्डिक देशांतील यादृच्छिक चाचणीत ८७ रुग्णांचा समावेश होता. तीस ते चाळीस बैठकांनंतर उपचार घेतलेल्या गटाचा लक्षणगुणांक दुसऱ्या गटापेक्षा सरासरी सुमारे दहा गुणांनी अधिक सुधारला. ती चाचणी उघड होती, म्हणजे कोणाला काय मिळते हे रुग्णास ठाऊक होते, आणि तिचे मुख्य माप रुग्णाने स्वतः सांगितलेली लक्षणे हे होते. तरीही या क्षेत्रातील ही सर्वांत सबळ साक्ष होय, यात शंका नाही.

अडचण येथूनच सुरू होते. औषधजन्य रक्तस्रावाच्या समर्थनार्थ जे लिहिले जाते त्यात हीच साक्ष हातोहात पुढे केली जाते. किरणांनी वर्षांनंतर घडवलेली रक्तवाहिन्यांची उपासमार आणि अ‍ॅक्रोलीनने काही तासांत केलेले भाजणे, यांना केवळ 'रक्तस्रावी मूत्राशयदाह' या एका नावाखाली आणले म्हणजे त्यांचे निदान एक होत नाही. समुद्राखालील व उच्चदाब वैद्यकाच्या अमेरिकेतील संस्थेच्या मान्य विकारसूचीत किरणोपचाराच्या उशिरा उद्भवणाऱ्या हानीचा समावेश आहे. सायक्लोफॉस्फामाइडजन्य रक्तस्रावाचा नाही.

स्वतंत्र पुरावा म्हणून जे उरते ते बहुतांशी एकेका रुग्णाचे किंवा मूठभर रुग्णांचे वृत्तान्त. असे वृत्तान्त तिरस्करणीय नव्हेत. दुर्मिळ व्याधीत ज्ञानाची सुरुवात तेथूनच होते. पण त्यांत एक गोम आहे. औषध थांबवल्यावर हा रक्तस्राव पुष्कळदा आपोआप ओसरतो. रुग्ण उच्चदाब कक्षापर्यंत पोहोचतो तो सर्वांत वाईट दिवसांत, आणि तेथून पुढे सुधारणा होण्याचाच संभव अधिक. अस्थिमज्जा-रोपण झालेल्या रुग्णांत तर गुंता आणखी वाढतो. रोपणापूर्वी मोठ्या मात्रेत दिल्या जाणाऱ्या, आणि अर्धजुळत्या दात्याच्या रोपणात पुढे तिसऱ्या-चौथ्या दिवशीही दिल्या जाणाऱ्या या औषधाबरोबरच, काही आठवड्यांनी डोके वर काढणारा बीके विषाणू हेही रक्तस्रावाचे कारण असते. ज्या तीन-चार आठवड्यांत कक्षातील बैठका पार पडतात, त्याच आठवड्यांत नवी मज्जा रुजते, रक्तबिंबिका वाढतात, प्रतिकारशक्ती परतू लागते. रक्त थांबले याचे श्रेय मग प्राणवायूला द्यावे की मज्जेला? बहुतेक वृत्तान्तांना हा प्रश्न पडलेलाच दिसत नाही. शिवाय धुलाई, गुठळ्या काढणे, तुरटीचे द्रावण हे उपाय त्याच काळात चालूच असतात.

हा वाद केवळ तर्कशास्त्राचा नाही. रक्तबिंबिका व पांढऱ्या पेशी घटलेल्या रुग्णाला रोज वॉर्डाबाहेर नेऊन तास-दीड तास बंद कक्षात ठेवणे म्हणजे काय, हे त्याच्या शुश्रूषेत असणाऱ्यांस विचारावे. कानाच्या पडद्याला इजा, काही काळ दृष्टी अधू होणे, क्वचित आकडी येणे हे धोके आहेतच. छातीत हवा साठलेल्या रुग्णास तर उपचार न करता कक्षात नेता येत नाही. दुसऱ्या पारड्यात काय आहे, हेही पाहिले पाहिजे. मूत्राशयात फॉर्मॅलिन घालायचे तर भूल द्यावी लागते आणि मूत्र उलटे मूत्रवाहिनीत चढत नाही याची आधी खात्री करावी लागते. त्यापुढची पायरी मूत्राशयच काढून टाकण्याची. या दोहोंच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या रुग्णास, कक्ष जवळ असल्यास, प्राणवायू देऊन पाहण्याचा निर्णय अवास्तव म्हणता येणार नाही. आक्षेप आहे तो निर्णयाला नव्हे, तर त्याच्या समर्थनार्थ किरणोपचाराच्या रुग्णांची साक्ष उभी करण्याला.

पुढील वृत्तान्त लिहिणाऱ्यांनी निदान औषधाच्या शेवटच्या मात्रेपासून पहिल्या बैठकीपर्यंतचे दिवस, प्रत्येक आठवड्यातील रक्तबिंबिकांची संख्या आणि मूत्रातील बीके विषाणूचे प्रमाण नोंदवावे. कक्ष उपलब्ध नसल्यामुळे किंवा प्रकृतीमुळे ज्यांना प्राणवायू देता आला नाही, अशा त्याच रुग्णालयातील रुग्णांचे रक्त किती दिवसांनी थांबले, हेही त्याच पानावर छापावे.