अपाची सर्व्हरच्या माहितीपुस्तिकेतील ‘सेवा-नकार’ प्रकरण : एक चिकित्सा

प्रस्तावना :

एखादे संकेतस्थळ निरुपयोगी करण्यासाठी त्यातील माहिती चोरावी लागत नाही किंवा परवलीचा शब्दही शोधावा लागत नाही. सर्व्हरची क्षमता मर्यादित असते. ती निरर्थक कामात अडकवून ठेवली की खऱ्या वापरकर्त्याला आपोआप नकार मिळतो. यालाच सेवा-नकार हल्ला असे म्हणतात. प्रवेशअर्ज, परीक्षाअर्ज, निकाल, शिष्यवृत्ती ही कामे आज संकेतस्थळावरून चालतात. अंतिम मुदतीच्या दिवशी संकेतस्थळ दोन तास बंद राहिले, तर त्याची किंमत विद्यार्थ्याला वर्षभर मोजावी लागू शकते. म्हणूनच सर्व्हरची मांडणी हा विषय केवळ संगणक विभागापुरता मर्यादित राहत नाही.

१९९५ पासून मुक्तपणे उपलब्ध असलेल्या अपाची सर्व्हरच्या अधिकृत माहितीपुस्तिकेत (आवृत्ती २.४) ‘सिक्युरिटी टिप्स’ हे प्रकरण आहे. त्यातील सेवा-नकार हल्ल्यांविषयीच्या भागाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१. आशय व गुणविशेष :

हा भाग अतिशय आटोपशीर आहे. असे हल्ले पूर्णतः रोखणे शक्य नाही, त्यांची तीव्रता तेवढी कमी करता येते, अशी कबुली तो आरंभीच देतो. त्यानंतर फायरवॉल, ‘रिक्वेस्टरीडटाइमआउट’, ‘टाइमआउट’, ‘कीपअलाइव्हटाइमआउट’, विनंतीच्या आकारावरील मर्यादा, ‘ॲक्सेप्टफिल्टर’, ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ आणि धाग्यांवर आधारित कार्यपद्धती अशी उपायांची यादी येते. फायरवॉलने एकाच पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्या मर्यादित करता येतात, पण अनेक यंत्रांवरून एकाच वेळी होणाऱ्या वितरित हल्ल्यापुढे हा उपाय अपुरा पडतो, हेही येथे स्पष्ट सांगितले आहे. ‘टाइमआउट’ फार कमी केल्यास दीर्घकाळ चालणारे प्रोग्राम अडचणीत येतील, हा इशाराही योग्य ठिकाणी दिला आहे. प्रामाणिकपणा हा या लेखनाचा मोठा गुण म्हटला पाहिजे.

तथापि, कोणता उपाय कोणत्या हल्ल्यावर आहे, हे या यादीतून उलगडत नाही. पुढील तीन मुद्द्यांवरून ही उणीव स्पष्ट होते.

२. वेळेची दोन मापे :

रॉबर्ट हॅन्सन यांनी जून २००९ मध्ये ‘स्लोलॉरिस’ हा प्रोग्राम प्रसिद्ध केला. तो सर्व्हरकडे विनंतीचा आरंभ पाठवतो, परंतु ती कधीच पूर्ण करत नाही. अधूनमधून शीर्षकाची एखादी ओळ तेवढी पाठवत राहतो. त्या वेळच्या अपाची २.२ मध्ये ‘टाइमआउट’चे मूळ मूल्य ३०० सेकंद होते. आवृत्ती २.४ मध्ये ते ६० सेकंद आहे. वाचनाच्या बाबतीत हे मूल्य मोजते ते दोन टप्प्यांमधील शांततेचा काळ. संपूर्ण विनंतीला लागणाऱ्या काळाशी त्याचा संबंध नाही. म्हणजे ते ५ सेकंदांवर आणले, तरी हल्लेखोराने दर ४ सेकंदांनी चार-दोन अक्षरे पाठवली की त्याची जागा शाबूत राहते.

यावरचे खरे उत्तर २०१० मध्ये आवृत्ती २.२.१५ बरोबर आलेल्या ‘रिक्वेस्टरीडटाइमआउट’मध्ये आहे. आवृत्ती २.४ मधील त्याच्या मूळ मूल्यांनुसार विनंतीचे शीर्षक पोहोचण्यास २० सेकंद मिळतात, दर ५०० बाइटमागे १ सेकंद वाढवून मिळतो आणि ४० सेकंदांना जोडणी तोडली जाते. एक माप शांततेचे, तर दुसरे एकूण काळाचे. प्रकरणात मात्र ही दोन्ही मापे एकाखाली एक, समान तोलाची असल्याप्रमाणे येतात. परिणामी ‘टाइमआउट’ कमी करून आपण सुरक्षित झालो, असा समज होण्यास पुरेपूर वाव राहतो.

३. मूल्यांचे परस्परावलंबन :

विनंतीचा मजकूर वाचतानाही किमान वेग ५०० बाइट प्रतिसेकंद हाच आहे, परंतु तेथे एकूण काळाला वरची मर्यादा नाही. प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया वापरणाऱ्या ‘प्रीफोर्क’ पद्धतीत ‘मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’चे मूळ मूल्य २५६ आहे. २५६ जागा प्रत्येकी ५०० बाइट वेगाने अडवण्यासाठी प्रतिसेकंद १,२८,००० बाइट, म्हणजे सुमारे १ मेगाबिटची जोडणी पुरते. सर्वसाधारण घरगुती ब्रॉडबँडचा वेगही याहून अधिक असतो.

मग एक विनंती एक जागा किती काळ अडवू शकेल? याचे उत्तर ‘लिमिटरिक्वेस्टबॉडी’ या दुसऱ्याच सूचनेत दडलेले आहे. २०२२ पर्यंत तिचे मूळ मूल्य ‘मर्यादा नाही’ असे होते. आवृत्ती २.४.५४ पासून ते १ गिगाबाइट करण्यात आले. वरील किमान वेगाने १ गिगाबाइट पाठवण्यास सुमारे २४ दिवस लागतात. प्रोग्रामची स्वतःची मर्यादा आड आली नाही, तर एवढा काळ ही विनंती नियमात बसते. याउलट, अर्ज व छायाचित्र यांसाठी पुरेशी अशी २०० किलोबाइटची मर्यादा घातल्यास हाच काळ सुमारे ७ मिनिटांवर येतो. दोन्ही सूचना प्रकरणात आहेत, परंतु एकीचा अर्थ दुसरीवर अवलंबून आहे, हे कोठेही सांगितलेले नाही. त्याचप्रमाणे, उपलब्ध स्मृतीला एका प्रक्रियेच्या सरासरी आकाराने भागून जागांची संख्या ठरवण्याची रीत याच पुस्तिकेतील कार्यक्षमताविषयक वेगळ्या प्रकरणात आढळते. ज्याला ती येथे हवी असते, तो ती तेथे शोधायला जाईलच असे नाही.

४. पत्ता म्हणजे व्यक्ती नव्हे :

प्रत्येक पत्त्यावरून येणाऱ्या जोडण्यांवर मर्यादा घालावी, या सल्ल्यामागे एक पत्ता म्हणजे एक वापरकर्ता हे गृहीतक आहे. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील ४० संगणक बहुधा एकाच सार्वजनिक पत्त्यावरून बाहेर पडतात. प्रचलित ब्राउझर एका संकेतस्थळाशी एचटीटीपी १.१ नुसार साधारणतः ६ जोडण्या उघडतात. म्हणजे निकालाच्या दिवशी एकाच पत्त्यावरून २४० जोडण्या येऊ शकतात. सर्व्हरच्या दृष्टीने ही प्रयोगशाळा आणि हल्लेखोर यांत फरक उरत नाही. प्रत्येक पत्त्याला २० जोडण्यांची मर्यादा असेल, तर पहिले तीन-चार विद्यार्थी आत जातील आणि उरलेले बाहेर ताटकळत राहतील. ज्याच्या घरी स्वतंत्र जोडणी आहे त्याला या मर्यादेची झळ लागत नाही. ती लागते ती प्रयोगशाळेवर किंवा सायबर कॅफेवर विसंबून असलेल्या विद्यार्थ्याला. हल्लेखोराला जे साधायचे असते, ते येथे संरक्षणच साधून देते. सुरक्षेची किंमत कोणाला मोजावी लागते, हा प्रश्न या प्रकरणात उपस्थितच होत नाही. ही त्याची सर्वांत गंभीर उणीव होय.

शिवाय एचटीटीपी २ मध्ये एकाच जोडणीतून अनेक विनंत्या समांतर जातात. त्यामुळे केवळ जोडण्या मोजण्याला पूर्वीचा अर्थ राहिलेला नाही. विनंती पाठवून ती तत्काळ रद्द करण्याच्या तंत्राने ऑगस्ट २०२३ मध्ये झालेल्या हल्ल्यात प्रतिसेकंद ३९.८ कोटी विनंत्यांची नोंद गूगलने जाहीर केली. प्रकरणातील यादी मूलतः त्याआधीच्या काळाची आहे.

निष्कर्ष :

उपायांची निवड या प्रकरणात अचूक आहे, परंतु मांडणी यादीची आहे. हल्ला कोणत्या मर्यादित साधनावर होतो, म्हणजे जोडणी, प्रक्रिया, स्मृती की वाहिनी, या क्रमाने तीच माहिती मांडली असती, तर कोणती दोन मूल्ये एकत्र वाचावीत हे वाचकाला कळले असते. वाहिनीच भरून गेली, तर सर्व्हरवरील कोणतीही सूचना उपयोगी पडत नाही. तेथे सेवापुरवठादाराच्या पातळीवरच व्यवस्था करावी लागते.

महाविद्यालयांपुरते सांगायचे, तर विनंतीच्या आकाराची मर्यादा प्रत्यक्ष अर्जावरून ठरवणे, शीर्षक व मजकूर या दोहोंसाठी एकूण काळाची मर्यादा घालणे आणि पत्त्यावरील मर्यादा लागू करण्यापूर्वी एका पत्त्यामागे किती विद्यार्थी आहेत हे नोंदींवरून तपासणे, ही तीन कामे अंतिम मुदतीपूर्वी करता येण्याजोगी आहेत. विशेषतः तिसरे काम प्रयोगशाळेत एकाच वेळी ४० संगणक चालवून पाहिल्याशिवाय पूर्ण झाले असे मानता येणार नाही.