वामन, बळी आणि आकडा

विज्ञानकथा हा आपल्या कामाचा प्रकार नव्हे, अशी एक समजूत आपल्या लिहित्या-वाचत्या मंडळींत रुजलेली आहे. ज्याला आजची भाकर आणि आजचा अपमान यांचा हिशेब लागत नाही, त्याने उद्याच्या यंत्रमानवाची काळजी कशाला करायची, असा तिचा सूर असतो. मी अकोल्याच्या एका शाळेत तीस वर्षे गणित शिकवले आणि मलाही बराच काळ तसेच वाटे. जयंत नारळीकरांची ‘वामन परत न आला’ ही १९८६ ची कादंबरी अलीकडे पुन्हा वाचली आणि हे मत बदलावे लागले. ही कादंबरी आपल्या कामाची आहे. मात्र लेखकाला अभिप्रेत असलेल्या कारणासाठी नव्हे.

कथानक थोडक्यात असे. एका वैज्ञानिक प्रयोगासाठी जमिनीत खोल खोदकाम चालू असताना एक पेटी सापडते. तीत एका लुप्त, अतिप्रगत संस्कृतीने आपले ज्ञान साठवून ठेवलेले असते. शास्त्रज्ञ ते उलगडतात आणि त्या ज्ञानाच्या बळावर ‘वामन’ नावाचा यंत्रमानव घडवतात. तो माणसापेक्षा बुद्धिमान निघतो आणि त्याला आपल्यासारखेच आणखी वामन घडवण्याची विद्या हवी असते. ती विद्या त्याच्या हाती पडली की माणसाचे राज्य संपले. ज्या संस्कृतीने ती पेटी पुरली, तिचाही घात असाच झालेला असतो.

यातले भय हवेतले नाही. जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने १९४० च्या दशकाच्या अखेरीस, स्वतःचीच प्रत तयार करणारे यंत्र तत्त्वतः शक्य आहे, असे गणिताच्या आधारे मांडले होते. म्हणजे जगाला धोका कागदावरच्या एका सिद्धतेतूनही निर्माण होऊ शकतो. गणिताचे ज्ञान हाच येथे बॉम्ब आहे. नारळीकरांनी हा विषय मराठीत सोप्या, नेटक्या भाषेत आणला, हे त्यांचे श्रेय नाकारण्याचे कारण नाही.

माझा प्रश्न नावापासून सुरू होतो. वामन म्हणजे पुराणातला बटू. तीन पावले जमीन मागून बळीला पाताळात घालणारा. या कादंबरीत सगळी मानवजात बळीच्या जागी उभी आहे आणि वामन हा आक्रमक आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’त हीच मांडणी केली होती. बळी हा न्यायी राजा आणि वामन हा कपटाने राज्य घेणारा. पांढरपेशा वाचकाने शंभरएक वर्षे ज्या मांडणीकडे पाठ फिरवली, ती त्याने येथे नकळत मान्य केली आहे. कारण वामन परत आला नाही, याचा त्यालाही आनंदच होतो. आमच्या गावात दिवाळीच्या पाडव्याला कुणब्यांच्या बाया ओवाळताना बळीचे राज्य मागायच्या. त्या बायांना या कादंबरीचे शीर्षक समजावून सांगावे लागले नसते.

पण कादंबरी येथेच थांबते. ही जी मानवजात वामनाला भिते, तिच्यात कोण कोण आहे, हे ती विचारत नाही. तिचे लक्ष शास्त्रज्ञ आणि अधिकारी यांच्यावर आहे. खोदणाऱ्या हातांवर नाही. ज्ञान चुकीच्या हाती पडेल, ही भीती तिला नवी वाटते. आम्हाला ती फार जुनी आहे. शंबूकाचे मुंडके आणि एकलव्याचा अंगठा याच भीतीपोटी गेले. या देशात ज्ञान धोकादायक ठरले, ते ज्यांना नाकारले होते त्यांच्या हाती लागल्यावर. १९२३ साली एका महाराच्या मुलाचा रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध लंडनमध्ये प्रसिद्ध झाला. आकडा त्या हातात येणे, हे कोणत्याही यंत्रमानवापेक्षा मोठे संकट होते. फक्त ते कोणासाठी, एवढेच पाहायचे.

माझे वडील दुसऱ्याचे वावर बटईने करीत. कापसाची गाडी बाजारात नेली की अडत्या जे लिहील त्यावर अंगठा. एकदा परतताना ते मला म्हणाले, “काटा खोटा नसते बापू, मांडनारा खोटा असते. तू आकडा शिक.” मी गणिताकडे वळलो तो या एका वाक्याने.

लेखकाविषयीही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. ‘कृष्णविवर’ ही पहिली विज्ञानकथा त्यांनी मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेला पाठवली, ती नारायण विनायक जगताप या टोपणनावाने. आपल्या कीर्तीचा परीक्षकांवर दाब पडू नये, हा हेतू. हेतू स्वच्छ होता आणि कथेला बक्षीसही मिळाले. पण अमरावतीला खोली भाड्याने घेताना आमची पोरे आडनाव गिळतात, तेही याच न्यायासाठी. एकाने कीर्ती झाकली, दुसऱ्याला जात झाकावी लागते. पहिल्याला निकाल लागल्यावर आपले नाव सांगता येते. दुसऱ्याला ते सांगता येत नाही.

तरीही नारळीकरांना पांढरपेशे म्हणून बाजूला सारणे, हा आळस होईल. २००८ साली त्यांनी नरेंद्र दाभोलकर आदींसह फलज्योतिषाची कसोटी घेतली. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या दोनशे पत्रिका जमवल्या. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून उत्तरे पाठवली. बरोबर आलेली उत्तरे सरासरी ४६ टक्के भरली. नाणे उडवले असते तरी इतपत उत्तरे आलीच असती. जन्मावरून माणसाची लायकी ठरते, या समजुतीवर हा आकड्याचा घाव होता. वर्णव्यवस्था तरी दुसरे काय सांगते? पुढे २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. धोकादायक ज्ञानाची खरी कादंबरी येथे होती. नारळीकर तिच्या इतके जवळ होते आणि ती त्यांनी लिहिली नाही, ही माझी तक्रार आहे. २०२५ साली ते गेले. आता ती आपल्यापैकी कोणीतरी लिहायची आहे.

तिची सामग्री रोज समोर येते. गेल्या वर्षी माझ्या भाच्याचा शिष्यवृत्तीचा अर्ज परत आला. जातीच्या दाखल्यावरचे नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचे नाव यांत एका कान्याचा फरक होता. कचेरीतला बाबू म्हणाला, “मी काय करू, मशीनच घेत नाही.” अडत्याशी माझे वडील निदान भांडू तरी शकत होते. या मांडणाऱ्याला तोंडच नाही. नारळीकरांचा वामन माणसाहून शहाणा होऊन राज्य मागतो. आमच्या वाट्याला आलेला वामन मुळीच शहाणा नाही. त्याच्याआड बसलेला माणूस तेवढा जबाबदारीतून सुटला आहे.

म्हणून ही कादंबरी आपल्या मुलांनी वाचावी आणि तिच्याशी भांडावे. यंत्राला किती शिकवायचे, हा लेखकाचा प्रश्न आहे. यंत्रात काय मांडायचे हे कोण ठरवतो, हा आपला. त्याचे उत्तर देण्यासाठी कवितेइतकेच गणितही आपल्याला आले पाहिजे.