पदवी आणि आडनाव

मी शिकवतो त्या महाविद्यालयात विद्यार्थिनींची नोकरीसाठी तयारी करून घेतात: अर्ज कसा लिहावा, मुलाखतीत कसे बोलावे. कुमुद पावडे यांचे ‘अंतःस्फोट’ (१९८१) या तयारीचे अपुरेपण उघड करते. संस्कृत घेऊन एम. ए. झालेल्या कुमुद सोमकुवरांना नोकरी मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर पावडे या आडनावाने ती मिळाली. विद्वत्ता तीच होती. लेखिका या यशाचा उत्सव करीत नाही, त्याचा रोखठोक हिशेब मांडते. या लेखनाचे मोल त्यातच आहे. बंद दाराविषयी मौन पाळून मुलींना आत्मविश्वासाचे धडे देणे म्हणजे दोष त्यांच्याच माथी मारणे होय. बिंदुनामावली वाचायला, २००५च्या माहिती अधिकार कायद्याने निवडीची कागदपत्रे मागायला त्यांना कोण शिकवणार? घरातले पहिले पदवीधर असलेल्या आम्हा शिक्षकांचेच ते काम आहे.