डॉ. आंबेडकरांचा प्रांतिक अर्थकारणावरील ग्रंथ

दरवर्षीं ६ डिसेंबरास शिवाजी पार्कवर ग्रंथांचीं दुकानें मांडलीं जातात. तेथील वाचकांप्रमाणें आमच्या संग्राहक मित्रांनींही डॉ. भीमराव आंबेडकरांच्या १९२५ सालीं लंडनास प्रसिद्ध झालेल्या या इंग्रजी ग्रंथाकडे वळावें. १८७१ ते १९२१ पर्यंतच्या प्रांतिक जमाखर्चाचे रोख नेमणूक, नेमून दिलेला वसूल व वांटणीचा वसूल असे तीन टप्पे त्यांनीं सरकारी कागदांवरून दाखविले आहेत. प्रांतांकडे हिशेब आला, सत्ता वरिष्ठ सरकारकडेच राहिली, हा त्यांचा निष्कर्ष आम्हांस साधार वाटतो. मात्र विवेचन वरिष्ठ दप्तरांपाशींच थांबतें. गांवची जमाबंदी त्यांत येत नाहीं. ही उणीव ग्रंथकारावर घालतां येत नाहीं. कुळकर्ण्यांचे रुमाल वाळवीच्या तोंडून सोडवून प्रसिद्ध करणें हें आमच्यासारख्या मंडळांचें काम होय.