पाणबुडी बाहेर आली का?

विज्ञानपट वर्गात दाखवावा की दाखवू नये, हा शिक्षकांमधला जुना वाद आहे. आमचे मत विचाराल तर जरूर दाखवावा. मात्र दिवे लागल्यावर त्याची उलटतपासणी घ्यावी. गेल्या पावसाळ्यात अशीच एक उलटतपासणी घ्यायला आम्ही गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या एका शाळेत गेलो होतो. समोर पंचवीस-तीस शिक्षक आणि मागच्या बाकांवर आठवी-नववीची मुले होती. जागा विषयाला साजेशी होती. आरेला लागूनच गोरेगावची चित्रनगरी आहे आणि कॉलनीत म्हशींचे तबेले आहेत. शहरातल्या म्हशी शहराबाहेर हलवाव्यात म्हणून १९४९ साली ही दूध वसाहत वसवली गेली. ती उभी करणाऱ्या दारा खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल आणि वर्गीस कुरियन यांच्याबरोबर मॅगसेसे पुरस्कार मिळाला. म्हणजे चित्रपट कसा बनतो आणि पोट कसे चालते, हे दोन्ही ठाऊक असणारी माणसे एकाच वस्तीत सापडावीत, अशी ही जागा.

कार्यक्रमाचा विषय होता गिळता येणारा कॅमेरा. प्रस्तावना म्हणून आम्ही रिचर्ड फ्लायशर दिग्दर्शित ‘फँटास्टिक व्हॉयेज’ या १९६६ सालच्या चित्रपटाचे निवडक भाग दाखवले. गिळायच्या कॅमेऱ्याविषयी लिहिताना या चित्रपटाची आठवण काढणे ही विज्ञानलेखकांची रीतच पडून गेली आहे. ‘तेव्हाची कल्पना आज खरी झाली’ असे त्या आठवणीचे ठरलेले वाक्य असते. हे वाक्य कितपत खरे आहे, ते इथे तपासायचे आहे.

कथा थोडक्यात अशी. एका शास्त्रज्ञाच्या मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे आणि बाहेरून शस्त्रक्रिया करणे शक्य नाही. म्हणून ‘प्रोटिअस’ नावाची पाणबुडी आतल्या पाच माणसांसकट जंतूएवढी लहान करून त्याच्या रक्तवाहिनीत सोडतात. साठ मिनिटांत काम उरकले नाही तर पाणबुडी आणि माणसे पुन्हा मूळ आकाराची होणार. वाट चुकते. थांबवून ठेवलेल्या हृदयातून, फुप्फुसातून आणि कानाच्या आतल्या भागातून प्रवास होतो. शरीराची संरक्षक यंत्रणा या पाहुण्यांवर तुटून पडते. अखेर लेसरने गाठ फोडून उरलेले प्रवासी अश्रूबरोबर डोळ्यातून बाहेर पडतात.

चित्रपटाचे श्रेय आधी देऊ. शरीर म्हणजे वहीत काढलेली आणि नावे दिलेली सपाट आकृती, अशी मुलांची समजूत असते. ती हा चित्रपट मोडून काढतो. रक्त वाहते आहे, झडपा उघडमिट करत आहेत, परक्या वस्तूला शरीर ओळखते आणि घेरते, हे इतक्या ठसठशीतपणे दाखवणारे दुसरे साधन त्या काळी नव्हते. कलादिग्दर्शन आणि दृक्‌परिणाम यांसाठी त्याला ऑस्कर मिळाले, ते योग्यच होते.

आता दोष. पहिला सगळ्यांनाच सुचतो: माणसे लहान कशी होणार? पण हा आक्षेप कथेच्या दारातच अडून बसण्यासारखा आहे. एक अशक्य गोष्ट मान्य केल्याशिवाय अशी कथा सुरूच होत नाही. त्यापेक्षा ती गोष्ट मान्य करून पुढे काय व्हायला हवे होते, हे विचारले तर वर्गाला अधिक मिळते. दहा-बारा मीटरची पाणबुडी एखाद्या मायक्रोमीटरची झाली, तर सगळ्या मापांना सुमारे एक कोटीने भागावे लागेल. तीन मिलिमीटरची बाहुली तेव्हा ०.०००३ मायक्रोमीटरची होईल. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी आहे ०.४ ते ०.७ मायक्रोमीटर, म्हणजे त्या बाहुलीच्या हजार पटींहून जास्त. असल्या डोळ्यांना काहीच दिसायचे नाही. एवढ्या लहान आकाराला पाणीसुद्धा काकवीसारखे दाट वाटेल, आणि इंजिन बंद करताच पाणबुडी तिथल्या तिथे थांबेल. लहान होणे म्हणजे तीच वस्तू छोटी होणे नव्हे. आकार बदलला की त्याला लागू असलेले व्यवहारही बदलतात. हा धडा चित्रपटात नाही. तो शिक्षकाने द्यायचा.

आमची उलटतपासणी इथवर आली असताना मागच्या बाकावरून नववीतली एक मुलगी उठली. तिचे वडील तबेल्यात कामाला आहेत, हे नंतर कळले. ती म्हणाली, “सर, माणसं बाहेर आली. पण ती पाणबुडी आतच राहिली ना? ती मोठी नाही होणार?”

आम्ही गप्प झालो. चित्रपटात पांढऱ्या पेशीने पाणबुडी गिळलेली दाखवली आहे, आणि तेवढ्यावर तिचा विषय संपतो. पण गिळली म्हणून तिचे अणू थोडेच नाहीसे होतात? साठ मिनिटे संपताच त्या अवशेषांनी रुग्णाच्या कवटीच्या चिंधड्या उडवायला हव्या होत्या. नेमका हाच आक्षेप आयझॅक असिमोव्ह यांनी घेतला होता. पटकथेवरून कादंबरी लिहायचे काम त्यांच्याकडे आले, तेव्हा त्यांनी शेवट बदलला आणि पाणबुडीसह ती पेशीच शरीराबाहेर येईल अशी व्यवस्था केली. चित्रपटात मात्र ती फट तशीच राहिली.

या मुलीचा प्रश्न हीच आमच्या मते या चित्रपटाची खरी समीक्षा आहे. आत कसे जायचे याचा विचार त्यात भरपूर आहे. बाहेर कसे यायचे याचा अर्धाच. गिळायच्या कॅमेऱ्याविषयीच्या आपल्या लोकप्रिय लेखांतही हीच उणीव असते.

खरा कॅमेरा काय आहे ते पाहू. गॅव्हरिएल इद्दान हे इस्रायलचे अभियंते. क्षेपणास्त्राला लक्ष्य ‘दिसावे’ म्हणून लागणाऱ्या प्रकाशीय उपकरणांवर ते काम करत. एका पोटविकारतज्ज्ञाशी झालेल्या गप्पांतून त्यांच्यापुढे प्रश्न आला की लहान आतडे कसे पाहायचे? तोंडातून घातलेली दुर्बीण जठर आणि त्यापुढचा थोडासा भाग पाहते, खालून घातलेली मोठे आतडे पाहते. मधले सुमारे सहा मीटर वेटोळे दोघींच्याही टप्प्याबाहेर राहते. अडचण विजेची होती. त्या काळचे प्रतिमाग्राहक फार वीज खात. नव्वदच्या दशकात अमेरिकेत एरिक फॉसम यांनी कमी विजेवर चालणारा प्रतिमाग्राहक विकसित केला आणि वाट मोकळी झाली. ब्रिटनमध्ये पॉल स्वेन हे डॉक्टर याच दिशेने प्रयत्न करत होते. दोघे एकत्र आले, २००० साली ‘नेचर’मध्ये त्यांचे टिपण प्रसिद्ध झाले आणि २००१ साली अमेरिकेत या कॅप्सूलला मान्यता मिळाली.

ही कॅप्सूल सुमारे ११ मिलिमीटर जाड, २६ मिलिमीटर लांब आणि वजनाला चार ग्रॅमच्या आत होती. तिच्यात भिंग, प्रतिमाग्राहक, पांढरे दिवे, घड्याळात असतात तसल्या बटन-बॅटऱ्या आणि एक रेडिओ प्रक्षेपक होता. दर सेकंदाला दोन छायाचित्रे ती पोटावर चिकटवलेल्या ग्राहकांकडे पाठवी. वर्गात हिशेब करून घ्या: आठ तासांची छायाचित्रे ८ × ३६०० × २, म्हणजे ५७,६००. डॉक्टरांनी सेकंदाला दहा पाहिली तरी ९६ मिनिटे लागतात. रक्तस्रावाची जागा त्यांतल्या एखाद-दोन छायाचित्रांतच असू शकते. आता संगणक आधी चाळणी लावून देतो आणि नव्या कॅप्सूल वेग कमीजास्त करतात, पण शेवटी नजर माणसाचीच लागते.

आता पाणबुडीशी तुलना करा. या कॅप्सूलला कप्तान नाही, सुकाणू नाही, लेसरही नाही. आतड्याच्या लाटा नेतील तिकडे ती जाते आणि तोंड ज्या बाजूला असेल तेवढेच पाहते. तिला थांबता येत नाही, मागे वळता येत नाही, समोरचा डाग धुऊन पुन्हा बघता येत नाही. बाहेरून चुंबकाने वळवता येणाऱ्या कॅप्सूल आता आल्या आहेत, पण त्यांचा उपयोग मुख्यतः जठरात होतो. म्हणजे कल्पना ‘खरी झाली’ असे म्हणताना त्या कल्पनेतला जीवच आपण गाळतो. चित्रपटातली माणसे बरे करायला गेली होती; कॅप्सूल फक्त पाहून येते.

आणि ती बाहेर आली का, हा प्रश्न इथे खरोखरच जिवाचा असतो. बहुतेकांच्या शरीरातून ती एक-दोन दिवसांत शौचावाटे निघून जाते. पण सर्वसाधारणपणे शंभरातल्या एका-दोघांत ती अडकते. आतडे कुठे अरुंद झाले असेल तर धोका अधिक. आपल्याकडे आतड्याचा क्षयरोग अजून आढळतो, आणि त्यात आतडे जागोजागी आवळले जाऊ शकते. अडकलेली कॅप्सूल काढायला कधी दुर्बीण, तर कधी शस्त्रक्रिया लागते. ती आत असेपर्यंत एमआरआय तपासणीही करता येत नाही. म्हणून शंका असेल तर डॉक्टर आधी त्याच आकाराची, कॅमेरा नसलेली गोळी देतात. ती दुधातल्या साखरेची, म्हणजे लॅक्टोजची केलेली असते. वाट मोकळी असेल तर ती अखंड बाहेर येते. अडकली तर सुमारे तीस तासांनंतर विरघळू लागते. पाणबुडी पाठवण्याआधी तिची साखरेची प्रतिकृती पाठवावी, ही शक्कल पटकथाकाराला सुचली नव्हती.

हे ऐकून ती मुलगी म्हणाली, “आमच्याकडे उलटं असतं सर. म्हशीला लोहचुंबक देतात, तो आतच राहायला पाहिजे.” तिचे बरोबर होते. गायी-म्हशी नीट न चावता चारा गिळतात आणि त्याबरोबर कधी खिळा, कधी तार पोटात जाते. कोटीपोटाच्या पुढे जाळीपोट असते, तिथे ती साठते. जाळीपोट आणि हृदय यांच्यात फारसे अंतर नसते. टोकदार तार पुढे घुसली तर हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. म्हणून चुंबक गिळवतात. तो जड असल्याने जाळीपोटात बसतो आणि लोखंड धरून ठेवतो. तापमान मोजून रेडिओने कळवणारी उपकरणेही गुरांना अशीच गिळवली जातात. एकाच तत्त्वाच्या दोन वस्तू, एकीने बाहेर यायलाच हवे आणि दुसरीने आतच राहायला हवे. कुठली गोष्ट कशासाठी केली आहे, हे न विचारता ‘चमत्कार’ म्हणणे किती पोकळ आहे, हे त्या दिवशी नववीच्या मुलीने आम्हाला शिकवले.

पण त्या दिवसाचा खरा धडा चहाच्या वेळी मिळाला. एक शिक्षिका जवळ आल्या आणि म्हणाल्या, “सर, दोन वर्षांपूर्वी तुमचं व्याख्यान ऐकलं होतं. दुर्बिणीचे दिवस आता संपले, असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्या सासऱ्यांना काळी शौचाला होते. डॉक्टरांनी दुर्बीण घालायला सांगितलं, तर ते म्हणतात, नळी नको, गोळीचं बघू. तीन महिने झाले.”

ते वाक्य आमचेच होते. टाळी मिळाली होती, आणि ते चुकीचे होते. काळी शौच हे बहुधा जठरात किंवा त्याच्या लगेच पुढच्या भागात रक्तस्राव होत असल्याचे लक्षण असते, आणि ती जागा दुर्बिणीच्या हद्दीत येते. दुर्बीण धुते, थांबते, तुकडा काढून तपासायला देते, वाहते रक्त तिथेच थांबवते. वरून आणि खालून दुर्बिणीने पाहूनही रक्तस्रावाची जागा सापडत नाही, तेव्हा कॅप्सूलची पाळी येते. ती दुर्बिणीची वारस नव्हे, दुर्बीण जिथे पोहोचत नाही तिथली सोबतीण आहे. त्या बाईंना आम्ही हे सगळे सांगितले आणि आमची चूक सासऱ्यांनाही सांगा असे विनवले. पुढच्या आठवड्यात ते तपासणीला गेले. जठरात व्रण निघाला, तुकडा तपासायला गेला, औषधे सुरू झाली. तीन महिन्यांत अधिक वाईट काही घडले नाही, यात आमचे कर्तृत्व काही नाही.

ज्या नळीला आम्ही निरोप देऊन बसलो होतो, तिचा इतिहास सांगितला असता तरी व्याख्यान रंगले असते. पंजाबात जन्मलेले नरिंदरसिंग कपानी आणि हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी १९५४ साली काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा नेऊन दाखवली. त्यावरून बॅसिल हिर्शोविट्झ यांनी लवचिक दुर्बीण बनवली आणि १९५७ साली ती आधी स्वतःच्याच घशातून उतरवली. वाकणाऱ्या नळीतून जठर पाहता येणे, हेही एकेकाळी कल्पितच होते.

तेव्हा शिक्षकांना आमची शिफारस अशी. ‘फँटास्टिक व्हॉयेज’ जरूर दाखवा. शरीराविषयी कुतूहल जागे करण्यात तो आजही कमी पडत नाही. नंतर सायकलची एक जुनी ट्यूब कापून घ्या, आतून तेल लावा आणि एक गोटी मुलांना बाहेरून दाबत दाबत पुढे सरकवायला सांगा. मग मध्ये दोऱ्याने ट्यूब थोडी आवळा आणि गोटी पुन्हा सोडा. ती अडकली की चित्रपटातली फट मुलांच्या हाताला लागेल. शेवटी एकच प्रश्न फळ्यावर लिहा: पाणबुडी बाहेर आली का? हा प्रश्न आमच्या व्याख्यानांनाही विचारायला मुलांना शिकवा. आम्हाला तो दोन वर्षे आधी कुणी विचारायला हवा होता.