कामावरील शिक्षणातील रस आणि स्मरण : यवतमाळच्या कापूस-प्रदेशाच्या निमित्ताने

कपाशीचे बोंड आणि डेनिमचे कापड ह्यांमधले अंतर यवतमाळ जिल्ह्यात फार नाही. शहरालगत लोहारा येथील औद्योगिक वसाहतीत डेनिमचा कारखाना उभा आहे, आणि ज्या जिल्ह्यात तो उभा आहे तेथील शेती मुख्यतः कपाशीवर चालते. एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन प्रकारचे कामकरी आहेत. कारखान्यातील कामगाराला आरोग्य व सुरक्षाविषयक प्रशिक्षण मिळण्याचा हक्क असल्याचे १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ च्या दुरुस्तीने नमूद झाले. शिवारात रोजंदारीने फवारणी करणाऱ्या मजुराला शिकविण्याची जबाबदारी १९७१ च्या कीटकनाशक नियमांनी उत्पादक, वितरक आणि फवारणीचा व्यवसाय करणारे ह्यांच्यावर टाकली. परंतु मजूर ज्याच्या शेतावर एका दिवसापुरता जातो तो शेतकरी स्वतः तरी कोणाकडून काही शिकलेला असतो असे नाही. कामावरील शिक्षण म्हणजे काय, ते गोड केव्हा वाटते आणि टिकते केव्हा, ह्या प्रश्नाचा विचार कारखान्यापेक्षा ह्या दुसऱ्या टोकापासून करणे अधिक फलदायी होईल, कारण तेथे विस्मरणाची किंमत जिवाने मोजावी लागते.

ती २०१७ साली मोजली गेली. त्या वर्षी जुलै ते ऑक्टोबर ह्या महिन्यांत कपाशीवर फवारणी करताना यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे विषबाधेने दगावली व शेकडो जणांना रुग्णालयात ठेवावे लागले. पीक अनेक ठिकाणी पुरुषभर उंच वाढलेले होते. त्यामुळे पंपाची नळी खाली धरण्याऐवजी तोंडाच्या उंचीवर धरावी लागे आणि फवाऱ्याचे तुषार अंगावर व चेहऱ्यावर येत. निरनिराळी औषधे एकत्र कालविण्याची प्रथा होतीच. चौकशीसाठी विशेष तपास पथक नेमले गेले, राज्य शासनाने काही कीटकनाशकांच्या विक्रीवर तात्पुरती बंदी घातली, आणि त्यानंतर सुरक्षित फवारणीच्या प्रशिक्षणाची मोहीम सुरू झाली. प्रस्तुत टीकेचा विषय ही मोहीम चालविणाऱ्यांची कळकळ नव्हे. ती खरी होती असे गृहीत धरून चालू. विषय आहे तो त्या शिक्षणाच्या रूपाचा. काव्याचे किंवा नाटकाचे रूप आपण तपासतो, मग ज्या रचनेवर माणसाचा प्राण अवलंबून आहे तिचे रूप का तपासू नये?

अशा प्रशिक्षणाचे सर्वपरिचित रूप पुढीलप्रमाणे असते. ग्रामपंचायतीच्या सभागृहात किंवा मंदिरापुढील मांडवात लोक बसतात, अधिकारी उभे राहून बोलतात, मागे फलक असतो, काय करावे व काय करू नये ह्याची यादी वाचली जाते, हातमोजे, मुखपट्टी व चष्मा ह्यांचा संच वाटला जातो, छायाचित्र निघते. यादीतील एकही वाक्य खोटे नसते. डब्यावरील चौकटीच्या खालच्या त्रिकोणात तांबडा रंग असेल तर विष अतिजहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हेही सांगितले जाते. पण यादी ही आठवण्यासाठी केलेली रचना नसते. ती सांगून झाल्याची नोंद करण्यासाठी असते. ‘फवारणी करताना काही खाऊ नये’ हे कलम पाहा. यवतमाळच्या मजुराच्या खिशात खर्ऱ्याची पुडी असते, आणि खर्रा तो ‘खाणे’ ह्या सदरात धरत नाही. ज्या हाताने औषध कालविले त्याच हाताची चिमूट ओठांआड जाते. ज्याने हे कलम लिहिले त्याने तो हात पाहिला नव्हता, एवढेच त्यावरून सिद्ध होते.

ह्या रुक्षतेवर उपाय म्हणून आजकाल मनोरंजनाची भर घातली जाते. मध्येच एखादा खेळ, विनोदी चित्रफीत, उत्तर दिल्यास बक्षीस. आपल्या काव्यशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर मम्मटाने उपदेशाचे जे तीन प्रकार मानले त्यांपैकी पहिल्याला तिसऱ्याचा मुलामा देण्याचा हा प्रयत्न आहे. स्वामीची आज्ञा, मित्राचा सल्ला आणि कांतेचे मधुर आर्जव हे ते तीन प्रकार. यादी ही प्रभुसंमित असते. तिच्यावर साखर पेरल्याने ती कांतासंमित होत नाही. सभा संपल्यावर लोकांना आठवते ती साखर. शिवाय मम्मटाच्या तिन्ही प्रकारांत कोणीतरी बोलतो आणि दुसरा ऐकतो. कामाच्या शिक्षणाला चौथा प्रकार लागतो, ज्यात बोलणारा पदार्थ स्वतःच असतो : पंप, वारा, पाणी, स्वतःचा हात. त्याला कर्मसंमित म्हणावे, अशी सूचना विद्वानांनी क्षम्य मानावी.

वऱ्हाडला हा चौथा प्रकार अगदीच अपरिचित नाही. यवतमाळ ज्या विद्यापीठाच्या कक्षेत येते त्याला ज्यांचे नाव दिले आहे त्या गाडगेबाबांची (१८७६–१९५६) कीर्तने आपण समाजसुधारणेच्या इतिहासात नोंदवून ठेवतो. शिक्षणाच्या रचनेचा नमुना म्हणून त्यांच्याकडे क्वचितच पाहतो. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात निरूपण आणि उत्तररंगात आख्यान असते, श्रोता मुख्यतः ऐकणारा. गाडगेबाबांनी ही मांडणी मोडली. ते प्रथम हातात खराटा घेऊन गाव झाडत. म्हणजे धड्याचा विषय कीर्तनापूर्वीच सर्वांच्या डोळ्यांपुढे घडलेला असे. मग रात्री कीर्तनात ते विधाने न करता प्रश्न विचारीत, आणि उत्तर श्रोत्यांकडून वदवून घेत. कर्ज, दारू, पशुहत्या, मुलांचे शिक्षण, ह्यांपैकी कशाविषयीही निष्कर्ष बाबा काढीत नसत. तो समुदायाच्या तोंडून निघे आणि निघताना हशाही निघे. तो हशा मनोरंजनाचा नव्हता. आपण बोललो तेच आपल्या वागण्याच्या विरुद्ध आहे हे एकदम ध्यानात आल्याचा तो हशा होता. भाषा वऱ्हाडी, उदाहरणे ऐकणाऱ्याच्या घरातली. असे बोललेले विसरणे कठीण, कारण ते दुसऱ्याचे नसते.

आधुनिक मानसशास्त्राने ह्याच गोष्टीला निराळ्या वाटेने पुष्टी दिली आहे. एबिंगहाउसने १८८५ मध्ये विस्मरणाचा वेग मोजला व आरंभीचे काही तास सर्वांत घातक असतात हे दाखविले. रोडिगर आणि कार्पिक ह्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ज्यांनी उतारा पुनःपुन्हा वाचला त्यांची पाच मिनिटांनंतरची आठवण चांगली ठरली. पण आठवड्यानंतर ज्यांनी तो न पाहता आठवून लिहिला होता ते पुढे गेले. विशेष असे की, अधिक आत्मविश्वास मात्र पुनःपुन्हा वाचणाऱ्यांना होता. प्रशिक्षणाच्या शेवटी भरून घेतल्या जाणाऱ्या अभिप्राय-पत्रांचे मूल्य ह्यावरून ठरवावे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक ह्यांनी १९५९ पासून लिहिलेल्या लेखांत मूल्यमापनाचे चार टप्पे सांगितले होते : आवडले का, शिकले का, वागणे बदलले का, परिणाम घडला का. बहुतेक संस्था पहिल्या टप्प्यावरच थांबतात, कारण तो त्याच दुपारी मोजता येतो. कामगारांच्या सुरक्षाविषयक शिक्षणाच्या ९५ अभ्यासांचा एकत्रित आढावा बर्क व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये घेतला. त्यात शिकणाऱ्याला प्रत्यक्ष कृतीत गुंतविणाऱ्या पद्धती ज्ञान व कौशल्य देण्यात निष्क्रिय पद्धतींच्या सुमारे तिप्पट परिणामकारक आढळल्या. चित्रफीत व व्याख्यान दोन्ही निष्क्रिय पद्धतींतच मोडतात, हे खेळकर चित्रफितींवर भिस्त ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

कारखान्यांनीही हे स्वतःच्या अनुभवाने शिकून घेतलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत नवख्या कामगारांना झटपट तयार करण्यासाठी जी योजना राबविली गेली, तिच्यात शिकविण्याच्या चार पायऱ्या होत्या : शिकणाऱ्याची तयारी, कृती दाखविणे, त्याच्याकडून करवून घेणे आणि नंतर पाठपुरावा. त्यांचे मूळ चार्ल्स ॲलन ह्यांच्या १९१९ च्या ग्रंथात आणि त्यापलीकडे हर्बार्टच्या अध्यापनशास्त्रात सापडते. मुंबईच्या गिरण्यांत नवा पोरगा नातेवाइकाच्या साच्याजवळ उभा राहून तुटलेला धागा सांधायला शिकत असे. त्यात दुसरी आणि तिसरी पायरी पुष्कळ होती, पहिली व चौथी जॉबरच्या मर्जीवर. त्या शिक्षणात आनंद होता असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल, पण धागा सांधला की नाही हे साचा ताबडतोब सांगे. शिवारातील दुर्दैव हे की विष असे काही ताबडतोब सांगत नाही. ते त्वचेतून शिरते, आणि डोळ्यांपुढे अंधारी, घाम व लाळ सुरू होईपर्यंत सारे ठीक वाटते. जेथे पदार्थ बोलत नाही, तेथे त्याला बोलका करणे हीच प्रशिक्षणाची खरी रचना होय.

ते करता येते. अमेरिकेत रिचर्ड फेन्स्के ह्यांनी १९८० च्या दशकात चकाकणारे निरुपद्रवी द्रव्य फवाऱ्यात मिसळून, नंतर अंधाऱ्या खोलीत विशिष्ट दिव्याखाली शेतमजुरांच्या अंगावर ते कोठे कोठे पोचले आहे हे पाहण्याची पद्धत वापरली; पुढे ती मजुरांना शिकविण्यासाठीही उपयोगात आली. यवतमाळच्या गावात त्या दिव्याचीही गरज नाही. पंपात पाणी आणि थोडी नीळ, अंगात जुना पांढरा सदरा, आणि उंच कपाशीची दोन तासे एवढे पुरे. वाऱ्याच्या तोंडी फवारणाऱ्याचा सदरा, वाऱ्याकडे पाठ करून फवारणाऱ्याचा सदरा आणि तुंबलेली नोझल तोंडाने फुंकणाऱ्याचे ओठ शेजारी शेजारी उभे केले की यादी वाचावी लागत नाही. खर्ऱ्याच्या पुडीवर निळा अंगठा उमटला की मांडवात हशा पिकेल, आणि तो गाडगेबाबांच्या श्रोत्यांच्या जातीचा हशा असेल. १९८९ मध्ये इंडोनेशियात भातशेतीसाठी सुरू झालेल्या आणि पुढे महाराष्ट्रातही रुजलेल्या शेतीशाळेची मूळ कल्पना हीच होती : हंगामभर ठराविक अंतराने शेतावरच जमायचे, झाड उलथेपालथे पाहायचे, मित्रकीड व शत्रुकीड स्वतः वेगळी करायची, चित्र काढायचे, वाद घालायचा, आणि फवारायचे की नाही हे आपणच ठरवायचे. शेवटचा निर्णय महत्त्वाचा. न केलेली फवारणी ही सर्वांत सुरक्षित फवारणी होय. ज्या शाळेत उपस्थितीपत्रक भरण्यापुरते लोक शेतावर नेऊन झाडाखाली भाषण केले जाते, तिला शेतीशाळा म्हणू नये.

येथे एक आक्षेप विचारात घेणे भाग आहे, आणि तो उपेक्षणीय नाही. २०१७ नंतर ‘मजुरांचे अज्ञान’ हे कारण इतक्या सोयीस्करपणे पुढे करण्यात आले की प्रशिक्षणाची प्रत्येक मागणी मृतांवरच दोष टाकते की काय, अशी शंका यावी. भाद्रपदातल्या दमट उकाड्यात अंगभर रबरी पोशाख घालून आठ तास काम करता येत नाही, हे मजुराला शिकवावे लागत नाही. ते पोशाख देणाऱ्याला शिकवावे लागते. जे औषध उघड्या हाताने हाताळणे इतके धोक्याचे, ते सहज विकत मिळावे का, हा प्रश्न मांडवात बसलेल्यांचा नाही. म्हणून कोणत्याही प्रशिक्षणाची पहिली कसोटी ही की, त्यातून मजुराला नकार देता येऊ लागला का : आज वारा आहे, आज ही दोन औषधे एकत्र घालणार नाही, पाण्याची बादली व साबण बांधावर नसेल तर पंप उचलणार नाही. असा नकार एकट्याने देणे रोजीवर जगणाऱ्याला परवडत नाही. म्हणूनच शेतमालक, मजूर आणि औषधविक्रेता ह्यांना एकाच निळ्या पाण्यापुढे उभे करावे लागेल. विक्रेत्याला वेगळ्या वर्गात बसवून त्याला प्रमाणपत्र देण्याची रीत ह्या दृष्टीने निरुपयोगी आहे.

वेळेविषयी एक गोष्ट राहिली. पेरणीच्या सुमारास एकदा घेतलेला वर्ग पहिल्या फवारणीपर्यंत कसाबसा टिकतो. तेव्हा झाड गुडघ्याएवढे असते आणि चूक अंगावर येत नाही. तीच चूक सप्टेंबरात, झाड छातीच्या वर गेल्यावर, तोंडावर येते. म्हणजे प्रश्न पुन्हा विचारायचा तो तेव्हा, त्याच शेताच्या बांधावर, आणि पहिल्या वेळी उत्तर दिलेल्या माणसांनाच. निळीची एक पुडी त्या दिवसासाठी शिल्लक ठेवावी लागते.