बंद पाकिटाचं गणित

सावंतवाडीची दशावतारी गंजिफा घेतली की १० रंगांची, प्रत्येकी १२, अशी १२० पानं एकदम हातात येतात. पुढची हारजीत खेळण्यावर. १९९३ च्या ‘मॅजिक: द गॅदरिंग’सारख्या खेळांच्या बंद पाकिटांत मात्र खरेदी हाच जुगार होतो.

समजा, १० बाहुल्यांचा संच आहे आणि प्रत्येक बाहुली निघण्याची शक्यता सारखीच. संच पूर्ण व्हायला सरासरी २९ पाकिटं लागतात. त्यातली १० फक्त शेवटच्या बाहुलीसाठी! इथे कौशल्य नाही, खिसा जिंकतो. ही रचना मला खोटी वाटते. आमच्या लकडगंजात तान्ह्या पोळ्याला पोरं लाकडी बैल निदान बघून, पारखून घेतात.

संशोधनातही दुर्मीळ नमुना असाच झुलवतो. म्हणून कुठे थांबायचं, ते आधीच लिहून ठेवा.